हत्तीची पेटी

पां. ना. राजभोज कोण, असं आपल्या पोरांना विचारलं तर बहुतेक गप्प बसतात. एखादा जाणकार म्हणतो, "तो होय, काँग्रेसात गेलेला." संपलं. पण हा माणूस सोलापूरचा खासदार होता. त्याचा हिशोब मांडल्याशिवाय सोलापूरच्या चळवळीचा हिशोब पुरा होत नाही.

राजभोज मूळचे नाशिक जिल्ह्यातले, जातीनं चांभार. कार्य पुण्यात. १९२९ साली पर्वतीचं देऊळ उघडा म्हणून सत्याग्रह झाला. सत्याग्रहींवर दगड पडले, राजभोज जखमी झाले. १९३० च्या काळाराम सत्याग्रहातही ते होते. पुणे करारावर त्यांची सही आहे. पुढे काही वर्षं ते बाबासाहेबांपासून दूर, गांधींच्या हरिजन कार्याकडे झुकले. मग परत आले. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, तेव्हा अध्यक्ष झाले मद्रासचे एन. शिवराज आणि सरचिटणीस झाले राजभोज. फेडरेशन म्हणजे निव्वळ महारांचा पक्ष, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव एकदा वाचावं.

आता १९५२ ची पहिली निवडणूक. उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब उभे. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे १४ हजार मतांनी पाडलं. ज्यानं घटना लिहिली त्याला लोकसभेचं दार बंद! अख्ख्या देशात फेडरेशनचे दोनच खासदार झाले. एक हैद्राबाद राज्यातल्या करीमनगरचा, दुसरा सोलापूरचा. मुंबई राज्यात फेडरेशनची लाज राखली ती सोलापूरनं.

तेव्हा सोलापूरला दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे निवडून आले, राखीव जागेवर राजभोज. दोन्ही ठिकाणी काँग्रेस आपटली. गिरण्यांच्या या गावात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एकाच भोंग्यावर उठायची. राखीव जागा असली तरी मत सगळ्यांचं. नुसत्या आपल्या वस्त्यांच्या मतांवर तिथं कुणी निवडून येत नव्हता.

तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. फेडरेशनचं चिन्ह हत्ती. माझ्या आज्जीनं तेव्हा मत दिलं होतं. अक्षरशत्रू बाई, गिरणीत कामाला. मी एकदा विचारलं, "आज्जे, राजभोजांना मत दिलंस का?" तर म्हणाली, "कोण राजभोज? आमी हत्तीच्या पेटीत कागुद सोडला. बाबासायबाचा हत्ती. मानूस कोण का आसंना."

मित्रांनो, या बोलण्यातच सगळं राजकारण आहे. खासदारकी राजभोजांची नव्हती, त्या कागदाची होती. पुढं राजभोज काँग्रेसमध्ये गेले. १९५७ ते १९६२ राज्यसभेत बसले. ज्या पक्षाला पाडून सोलापूरनं त्यांना दिल्लीला धाडलं, त्याच पक्षाच्या बाकावर. याला मी मोठेपणा म्हणणार नाही. हत्तीच्या पेटीत कागद सोडणाऱ्यांना कुणी विचारलं होतं?

पण आपल्यात याच्यावर एक कुजबूज चालते. "चांभारच तो, जायचाच." ही कुजबूज मी बैठकांत कानांनी ऐकलीय. ही आपली नव्हे, मनूची भाषा आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला, दोन वर्षांत त्याचे तुकडे पडायला लागले. त्यानंतर सत्तेच्या दारात चपला काढून उभे राहिले त्यांची जात मोजा. आपलेच जास्त भरतील. फितुरीला जात नसते. पर्वतीवर दगड खाल्ले तेव्हा राजभोजांची जात कुणी काढली नाही, मग ते गेले तेव्हाच का काढायची? आज चांभार, मातंग, ढोर पोरं आपल्या बैठकीला येत नाहीत, त्याचं निम्मं कारण या कुजबुजीत आहे.

राजभोज १९८४ साली वारले. त्यांचं देणं आणि त्यांचं जाणं, दोन्ही वहीत एकाच शाईनं लिहावं.

आणि त्याहून मोठं काम पडलंय. १९५२ ला मतदार व्हायला २१ वर्षं पुरी लागायची, म्हणजे ती पिढी आता संपतच आली. त्यांच्या लेकी-सुना, पोरं अजून आहेत. सोलापूरच्या कार्यकर्त्यांनी वही घेऊन पेठापेठांतून, वस्त्यावस्त्यांतून फिरावं. महारवाड्यातच नाही, चांभारवाड्यात, मांगवाड्यात, गिरणीच्या चाळीतही जावं. हत्तीच्या पेटीत कुणी कागद सोडला, का सोडला, ते लिहून घ्यावं. पुढाऱ्यांची चरित्रं छापली जातातच. या माणसांचं कोण लिहिणार?