कोलंबोहून कोलंबोस

पृथ्वी गोल आहे, हे आम्ही गेली एकतीस वर्षे मुलांना सांगत आलो आहोत. वास्तविक आमचा विषय मराठी. परंतु सरकारी शाळेत भूगोलाचे शिक्षक रजेवर गेले, की तो तास कोणी घ्यावयाचा याविषयी फारशी चर्चा होत नाही. मुख्याध्यापक रिकामेच असतात, अशी सर्वांची समजूत असते. विणकामाच्या सुईत मोसंबे खोचून ते फिरवून दाखविण्यात आमचा हात चांगला बसला आहे. मात्र या गोलाभोवती एकदा हिंडून येण्याचे एक सबंध तिकीट मिळते, आणि मोसंब्यावर पहिले बोट कोठे ठेवावे यावर त्या तिकिटाची किंमत ठरते, ही गोष्ट आम्हांस वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळली.

कळण्याचे कारण घरगुती होते. आमची कन्या सिडनीस असते आणि चिरंजीव शिकागोस. कन्येकडे जाण्यास अडचण नव्हती. चिरंजीवांकडे जाण्यास होती. २०२१ साली त्यांनी तिकडेच लग्न केले. मुलगी केरळची, शिकलेली, चांगल्या घरची; आमचा आक्षेप तिच्याविषयी नव्हताच. लग्न झाल्यावर चिरंजीवांनी ते दूरध्वनीवरून कळविले. विचारले नाही, कळविले. त्या संध्याकाळी आम्ही दूरध्वनी जो सौभाग्यवतींच्या हाती दिला, तो पुढे चार वर्षे त्यांच्याच हाती राहिला. मधल्या काळात एक नातू झाला, त्याला दात आले, तो चालू लागला. हे सारे आम्ही वर्तमानपत्र पुढे धरून ऐकले.

शिकागोला जाणे म्हणजे माघार घेणे, असे आमचे मत होते. सौभाग्यवतींनी ते कधी खोडून काढले नाही. एके दिवशी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, “अहो, तुम्हांला शिकागोला जायचं नाही ना? नका जाऊ. आपण पृथ्वीप्रदक्षिणाच करू. आता वाटेत शिकागो लागलं, तर त्याला कोण काय करणार?”

पुराणातल्या गणपतीने आईबापांभोवती फिरून पृथ्वीप्रदक्षिणेचे पुण्य पदरात पाडून घेतले. आमच्या घरी आईबापच पृथ्वीभोवती निघणार होते. असो.

टिळकवाडीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे प्रवासाचे दुकान आहे. शाळेत असताना त्याचे गणित कच्चे होते. आता तो आमचे पक्के करीत होता. त्याने सांगितले, की विमान कंपन्यांनी आपापले संघ केले आहेत. स्टार अलायन्स हा संघ १९९७ साली पाच कंपन्यांनी मिळून स्थापन केला, त्यात एअर इंडिया २०१४ मध्ये सामील झाली. १९९९ मध्ये वनवर्ल्ड हा दुसरा संघ उभा राहिला. एकाच कंपनीची विमाने सबंध पृथ्वीभोवती जात, तो काळ सरला. पॅन अमेरिकन कंपनीने जून १९४७ मध्ये न्यूयॉर्कहून अशी सेवा सुरू केली होती आणि तिच्या वाटेत आपले कलकत्ताही होते. पुढे १९९१ मध्ये ती कंपनीच बंद पडली. आता संघातल्या निरनिराळ्या कंपन्यांची विमाने एका तिकिटात ओवली जातात. त्याचे नियम व्रताच्या नियमांसारखे आहेत. दिशा एकच धरावी, पूर्वेची किंवा पश्चिमेची. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडावेत. प्रवास दहा दिवसांहून कमी नसावा आणि वर्षाच्या आत संपवावा. ज्या देशातून निघालो, त्याच देशात येऊन थांबावे. स्टारच्या तिकिटाला मैलांच्या पायऱ्या असतात, २९,०००, ३४,००० अशा. वनवर्ल्डच्या एका तिकिटात मैल न मोजता खंड मोजतात.

“पण सर,” तो म्हणाला, “सुरुवात भारतातून नको. कोलंबोहून करा. स्वस्त पडेल.”

आम्ही चकित झालो. बेळगावहून निघालेल्या माणसाने जगप्रवासास आरंभ करण्यासाठी आधी श्रीलंकेस जावे आणि त्यात पैसे वाचावेत, हे कोणत्या शास्त्रात बसते?

“सर, गोव्याला जाताना पेट्रोल कुठं भरता?”

येथे आमचे तोंड बंद झाले. वाचकहो, आम्ही सीमेवरची माणसे. चोर्ला घाटाने गोव्यास जाताना टाकीत जेमतेम पुरेल एवढेच पेट्रोल ठेवावे आणि येताना ती तिकडे भरून आणावी, हे आमच्या गावात शाळकरी पोरही जाणते. पलीकडे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचे वाहनवाले इकडे येऊन टाकी भरतात. पेट्रोल तेच असते. राज्याचा कर बदलला, की भाव बदलतो. सीमेची रेघ जमिनीवर दिसत नाही, पण पंपावर दिसते.

विमानभाड्याचेही तसेच आहे. तिकीट कोठे बसून घेतले याहून प्रवास कोणत्या देशातून सुरू होतो, याला महत्त्व. प्रत्येक देशासाठी कंपन्या निराळे भाडे ठरवितात. तेथे गिऱ्हाईक किती, कामानिमित्त फिरणारे किती आणि पदरचे खर्चून जाणारे किती, स्पर्धा कशी, लोकांना परवडते काय, हे पाहून आकडा बसतो. कोलंबो, कैरो, जोहान्सबर्ग ही नावे या धंद्यातील जाणत्यांच्या तोंडी फार दिवस आहेत. त्यातच चलनाचा खेळ असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानी येन घसरत डॉलरला दीडशेपर्यंत गेला. भाडे येनमध्ये ठरलेले, ते मात्र येनसारखे रोज हलत नाही; म्हणून बाहेरच्या माणसाला तोक्योहून आरंभ करणे एकाएकी स्वस्त झाले. अशी फट कायमची राहत नाही. भाड्यांचे तक्ते पुन्हा छापले, की ती बुजते. म्हणून कोणा नातलगाने पाच वर्षांपूर्वी वाचविलेल्या पैशांची गोष्ट ऐकून कोणी निघू नये. त्या आठवड्याचा भाव स्वतः पाहावा.

आमचा मार्ग असा ठरला: कोलंबो, सिंगापूर, सिडनी, सान फ्रान्सिस्को, शिकागो, लंडन, मुंबई, कोलंबो. एकंदर सुमारे चोवीस हजार मैल. दोघांच्या तिकिटांत मिळून जो फरक पडला, तो आमच्या एका महिन्याच्या पगाराहून थोडा अधिक होता. आम्हांला मोठी धन्यता वाटली. ती सौभाग्यवतींनी कागदपेन्सिल घेऊन निम्मी केली. कोलंबोस जाण्याचा वेगळा खर्च, तेथील एका रात्रीचा मुक्काम, परकीय चलनात पैसे भरल्याबद्दल बँकेने घेतलेला आकार, आणि शेवटी कोलंबोहून घरी परतण्याचे भाडे, ही वजाबाकी आमच्या माजी विद्यार्थ्याने हळूच सांगितली होती, ती त्यांनी मोठ्याने सांगितली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिअस फॉग १८७२ साली वीस हजार पौंडांच्या पैजेवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, वाटेत मुंबईसही उतरला, पैज जिंकला. पण प्रवासात त्याचे एकोणीस हजार खर्च झाले होते. आमचा हिशेब त्याच घराण्यातला.

दुकानदाराने शेवटी विचारले, “शिकागोत किती दिवस लिहू, सर?”

“तीन,” आम्ही म्हणालो. सिडनीस अठरा लिहिले होते.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, की पुढे तारीख बदलावीशी वाटली तर? तो म्हणाला, विमानात जागा असेल तर तारीख बदलण्यास सहसा दंड पडत नाही. मार्ग बदलला तर पडतो. त्यांनी मान हलविली.

२०२३ च्या मे महिन्यात विधानसभेची आणि २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेची निवडणूक आल्याने ते दोन उन्हाळे सरकारी कामात गेले. खात्याची परवानगी, अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, यांत बाकीचे दिवस गेले. अखेर एप्रिल २०२५ च्या सुटीत राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आम्ही बेंगळूरूस निघालो.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. या तिकिटाचा पहिला टप्पा चुकला, तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. आणि बेंगळूरूहून कोलंबोस नेणारे तिकीट निराळे असल्यामुळे, ते विमान रखडले तर पुढची कंपनी जबाबदार राहत नाही. कोलंबोतील मुक्कामाची रात्र आम्हांला उधळपट्टी वाटत होती. ती सौभाग्यवतींनी हट्टाने धरली होती. ते विमान पाच तास उशिरा सुटले. बेंगळूरूच्या विमानतळावर बसून आम्ही दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होतो, आणि आयुष्यात प्रथमच आम्हांस असे वाटले, की शिकागो आता हातचे जाते. त्या वेळी आम्ही तीन दिवसांचा हिशेब करीत नव्हतो. सौभाग्यवती शेजारी शांतपणे शेंगदाण्याचे लाडू मोजत होत्या.

सिडनीचे वर्णन आम्ही येथे करीत नाही. कन्येच्या घरी बापाला सुख असते, एवढे पुरे. तेथून दुपारी निघालो आणि सान फ्रान्सिस्कोस त्याच तारखेच्या सकाळी उतरलो. आंतरराष्ट्रीय वाररेषा मोसंब्यावर आम्ही शेकडो वेळा काढून दाखविली होती, पण निघण्याच्या आधीच पोहोचल्याचा अनुभव काही निराळा. एकाच दिवसाच्या दोन सकाळी मिळाल्या. त्यांतली दुसरी आम्ही चिरंजीवांशी पहिले वाक्य कोणते बोलावे, हे ठरविण्यात घालविली आणि ते ठरले नाही.

विमानतळावर त्यांनी वाकून नमस्कार केला. “बाबा, प्रवास बरा झाला?” “बरा झाला.” गाडीत सौभाग्यवती आणि सूनबाई बोलत राहिल्या. नातू आमच्या चष्म्याकडे पाहत राहिला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. घरात सर्व काही होते. बोलण्यास विषय तेवढा नव्हता. जो विषय होता, त्याला दोघेही हात लावीत नव्हतो.

तिसऱ्या रात्री झोप येईना म्हणून आम्ही स्वयंपाकघरात आलो, तर चिरंजीव तेथे दिवा लावून बसलेले. आम्हांला पाहून उठले, चहा ठेवला. मग मेजावर पडलेल्या आमच्या तिकिटाच्या कागदांकडे बोट दाखवून म्हणाले, “बाबा, हे कोलंबोहून का निघालात? मला कळलंच नाही.”

आम्ही सांगू लागलो. फळांच्या परडीतले संत्रे घेतले. चोर्ला घाटातले पेट्रोल सांगितले, शिनोळी सांगितली, येन सांगितला. त्यांनी शंका विचारल्या. शंका त्यांच्या लहानपणापासून चांगल्या असत. शेवटच्या टप्प्याचे काय, मुंबईस उतरून घरी गेलात आणि पुढचे टाकून दिले तर? आम्ही म्हणालो, दुकानदारानेही तसे सुचविले होते. पण ज्या अटीवर सवलत घेतली ती अट मोडणे मुख्याध्यापकाला शोभत नाही. तिकिटाची मुदत वर्षाची आहे. मुंबईस उतरून घरी जायचे आणि तो टप्पा सवडीने वापरायचा. ते हसले. कितीतरी वर्षांनी आम्ही त्यांना हसताना समोरून पाहिले. चहा दुसऱ्यांदा झाला. मग संत्रे हातात फिरवीत, खाली पाहत ते म्हणाले, “लग्नाच्या वेळी आधी विचारायला हवं होतं, बाबा.”

आम्ही म्हणालो, “आम्हीही फोन घ्यायला हवा होता.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी संगणक पुढे ओढला. “तारीख बदलायला पैसे पडत नाहीत म्हणालात ना?”

“जागा असली, तर पडत नाहीत.”

जागा एकोणीस दिवसांनंतरची मिळाली. पाकिस्तानने त्याच एप्रिलमध्ये आपले आकाश भारतीय विमानांना बंद केल्याने लंडनहून मुंबईचे विमान लांबच्या वाटेने आले, आणि शाळा उघडण्याच्या आधी आम्ही घरी पोहोचलो. मुंबई–कोलंबो हा टप्पा पुढे जानेवारी २०२६ मध्ये वापरला. केलानियाचे मंदिर पाहिले, समुद्रकाठी शहाळी प्यालो. प्रदक्षिणा नियमाप्रमाणे जेथून सुरू झाली तेथे संपली. कोलंबोहून बेळगावला येण्याचे भाडे तेवढे वेगळे भरावे लागले.