नेवाशाचा चार दिवसांचा मुक्काम

माझी धाकटी बहीण नेवाशाला दिली आहे. दरवर्षी ती बोलावते आणि दरवर्षी माझे जाणे राहून जाते. पण २०२३ च्या डिसेंबरात तिचा जो फोन आला, तो नेहमीच्या आमंत्रणाचा नव्हता. "दादा, तू ये आणि तुझ्या भाच्याला चार शब्द सांग. दहावीचं वर्ष आहे आणि याच्या डोक्यात कबड्डीशिवाय दुसरं काही नाही. घरात बापलेकांचं बोलणं बंद आहे."

नाताळची सुटी धरून निघालो. नगर (आताचे अहिल्यानगर) मागे पडले आणि रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली. गाळपाचा हंगाम होता. नेवासा फाट्याला एसटीतून उतरलो तो समोर भाचा उभा. वर्षभरात हातभर उंच झालेला. पाया पडला, पिशवी खांद्याला लावली आणि पहिलाच प्रश्न केला, "मामा, पलटण टिकंल का हो शेवटपर्यंत?"

पुणेरी पलटण म्हणजे प्रो कबड्डीतला पुण्याचा संघ. त्या वर्षी एका पराभवानंतर तो जिंकतच सुटला होता. पण नेवाशाकडच्या पोरांना त्याचे वेड लागायला आणखी एक कारण होते. कर्णधार अस्लम इनामदार हा टाकळीभानचा, म्हणजे श्रीरामपूरच्या वाटेवरचा, जवळजवळ शेजारचाच. ऑक्टोबरात तो हांगचौच्या आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आला होता. आपल्याच मातीत खेळलेला मुलगा देशाकडून खेळतो म्हटल्यावर पंधरा वर्षांच्या पोराला भूमितीची प्रमेये गोड कशी लागावीत?

घरी गेलो तर मेहुण्यांनी चहाबरोबर आपले म्हणणेही पुढे ठेवले. "लाट आहे ही, आज आहे, उद्या ओसरेल. पलटण दोन सामने हरली की याचंही खूळ उतरेल. पण तोवर मार्चची परीक्षा हातची जायची." भाचा मान खाली घालून दाराशी उभा. बहीण माझ्याकडे बघत होती. मी मात्र पाहुण्याच्या हक्काने चहा पीत राहिलो.

सोडवणूक केली ती बहिणीच्या सासऱ्यांनी. नाना निवृत्त गणितशिक्षक. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चला पाहुणे, गाव दाखवतो. तूही चल रे, पलटण!"

आधी गेलो लाडमोड टेकाडाकडे. वरवर पाहिले तर मातीचा एक उंचवटा, त्यावर गवत. पण १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया यांनी इथे खणले तेव्हा खाली एकावर एक वस्त्यांचे थर निघाले. ताम्रपाषाण काळातली घरे, मग सातवाहनांचा काळ, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा, वर मुसलमानी आणि मराठी अंमल. नेवाशाच्या परिसरात तर त्याही आधीची अश्मयुगातली दगडी हत्यारे मिळाली. "पण मधे गाळलेल्या जागा आहेत," नाना काठीने दाखवीत म्हणाले, "शेकडो वर्षे इथे कोणी राहतच नव्हते. हे गावसुद्धा सलग जिंकलेले नाही, बाळ."

मग ते तिथेच बसले आणि खिशातून रुपया काढला. "गणित करू. नाणे बावीस वेळा उडवायचे. साखळीत एका संघाचे सामने बावीसच ना? त्यात ओळीने पाच छापे पडण्याचा संभव किती?" भाचा म्हणाला, "लईच कमी." नाना हसले. "चारांत एकदा, किंबहुना थोडा जास्तच! बारा संघ आहेत. म्हणजे सगळे अगदी सारख्या ताकदीचे असले तरी तिघांना अशी पाच विजयांची लाट नुसत्या नशिबाने लागेल. तेव्हा लाट पाहून संघ ओळखू नये. ती कशावर चालली आहे ते पाहावे."

भाच्याला एकदम कंठ फुटला. कबड्डीत सगळा भार एकाच चढाईपटूवर असला तर तो बाद होऊन बाहेर बसला की संघही बसतो, हे त्याने मला हातवारे करून समजावले. पलटणीचे तसे नव्हते. चढाईला अस्लमबरोबर मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. पकडीला इराणचा शादलुई, जोडीला अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत. एक बाद झाला तर दुसरा गुण आणून त्याला परत आत घेतो. नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पाहिलंत? पोरगा नुसता टाळ्या वाजवत नाही."

तिथून ज्ञानेश्वर मंदिरात गेलो. प्रवरेकाठच्या या गावात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसत असे सांगतात, तो पैस खांब गाभाऱ्यात उभा आहे. मंदिरे पडली, उभी राहिली, खांब तेवढा हलला नाही. मी डोके टेकवले. खांबावर जुना लेख कोरलेला आहे. वाटले, काही गहन तत्त्वज्ञान असेल. नाना म्हणाले, "नाही हो. करवीरेश्वराच्या तेलासाठी नेमून दिलेल्या दानाची ती नोंद आहे."

मला मोठी गंमत वाटली. दिव्याच्या तेजाची स्तुती नाही, तेलाची तरतूद! नानांनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला. "ज्योत कुणालाही दिसते. तेलाचं कोण बघतं, त्यावर दिवा किती टिकतो ते ठरतं."

रात्री नानांनी निकाल दिला. पहाटे पाच ते सात मैदान, संध्याकाळी अभ्यास, आणि पलटण जिंको वा हरो, यात खंड नाही. "लाट ओसरल्यावरही हा पहाटे उठला, तर पुढचं बोलू. नाही उठला, तर तुम्ही खरे." मेहुण्यांनी मान हलवली. बापलेक त्या रात्री बऱ्याच दिवसांनी एका पंगतीला जेवले.

पुढचे आता सर्वांना ठाऊक आहे. पलटणीने साखळीत बावीसांपैकी सतरा सामने जिंकले, दोनच हरले. १ मार्च २०२४ ला दहावीचा मराठीचा पेपर झाला आणि त्याच रात्री हैदराबादेत पलटणीने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. म्हणजे लाट टिकली! पण पुढच्याच हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, अस्लमला मध्यावर दुखापत झाली आणि गतविजेते पहिल्या सहांतही आले नाहीत. अजिंक्यपद गेले हरियाणाला. मेहुण्यांचेही खरे झाले म्हणायचे.

मी बहिणीला फोन करून भीतभीतच विचारले. ती म्हणाली, "उठतो रे. पाचच्या आधी उठतो. आता ह्यांनाच जाग येते त्याच्या आवाजानं, आणि तेच चहा टाकतात."

२०२५ मध्ये अस्लम परतला, पलटण पुन्हा साखळीत पहिली आली आणि ३१ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. रात्री उशिरा भाच्याचा फोन आला. आवाज जड होता.

"मामा, तीन गुणांनी गेला."

मी समजुतीचे काही बोलणार, एवढ्यात तोच म्हणाला, "बरं, ठेवतो आता. सकाळी मैदानावर जायचंय."