विस्मरण आणि क्षमा

नागपूरच्या इतवारीत कापडाच्या पेढीवर चाळीस वर्षे बसलेले बाबूजी तोंडी हिशेबासाठी ओळखले जात. कोणाकडे किती उधारी आहे, हे ते वही न उघडता सांगत. एके दिवशी त्यांनी एकाच बिलाचे पैसे दोनदा दिले. थोरल्या मुलाने नोकरांदेखत त्यांना खडसावले. पुढे ते घराचा रस्ताही चुकू लागले, तेव्हा तो त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी प्रथम थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासले. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता पुष्कळदा आढळते. तिच्यामुळेही विस्मरण होऊ शकते आणि वेळीच उपचार झाल्यास ते सुधारू शकते. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणून ही तपासणी टाळू नये. बाबूजींची कमतरता भरून निघाली. स्मृती मात्र परतली नाही. निदान अल्झायमरचे ठरले.

मग मुलाने रामबाण औषधाचा शोध सुरू केला. जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या विकाराचे वर्णन केले. तो समूळ बरा करणारे औषध अजून नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅबला व २०२४ मध्ये डोनानेमॅबला मान्यता मिळाली. ही औषधे मेंदूत साचलेले अमायलॉइड प्रथिन कमी करतात. त्यामुळे ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतो, पण गेलेली आठवण परत येत नाही. ती केवळ आरंभीच्या अवस्थेत देतात. मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. बाबूजींची ती अवस्था मागे पडली होती.

मुलगा निराश झाला. पण हाती काहीच उरले नव्हते, असे नाही. गोळ्या नियमित सुरू झाल्या. उठणे, फिरणे, सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांच्या वेळा ठरल्या. सुनेने त्यांच्यासमोर जुनी वही ठेवली; तिची पाने उलटताना ते शांत असत. नातवंडांची नावे विसरलेले बाबूजी संध्याकाळी णमोकार मंत्र मात्र अखंड म्हणत.

क्षमावणीच्या दिवशी मुलाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि त्या दिवशीच्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. बाबूजींना तो प्रसंग आठवत नव्हता. त्यांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवून विचारले, “दुकान उघडलं का?”

“हो बाबूजी,” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारले. त्यानेही तितक्याच शांतपणे पुन्हा उत्तर दिले.