डिग्री वाया?

राजीनाम्याचा मेल तिसऱ्यांदा ड्राफ्टमध्ये पडलाय. मला लिनो कोरून प्रिंट काढायचेत, आणि घरून एकच प्रश्न येतो: "मग इंजिनिअरिंगची चार वर्षं वाया?"

त्याच आठवड्यात बोझो बिश्कुपिच यांच्याबद्दल वाचत बसलो. क्रोएशियाचे, जन्म १९३८चा, शिक्षण कायद्याचं. जीव मात्र चित्रांत. चित्रकारांचे छाप आणि कवींच्या कविता एकत्र करून ते मोजक्या प्रतींचे संच काढायचे. पुढे १९९५ ते २००० आणि पुन्हा २००३ ते २०१० सांस्कृतिक मंत्री.

मला वाटलं, सुटला बाबा वकिलीतून! पण १९९९चा वारसा संरक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत आला. संरक्षित इमारतीत किंवा जुन्या वस्तीत धंदा करताय? मग तिच्या जपणुकीसाठी पैसे भरा, अशी त्यात सोय. कायदा काही त्यांनी एकट्याने लिहिला नसणार. तरी ही तरतूद मला वकिली डोक्याचीच वाटते. नुसता चित्रवेडा माणूस भाषण करून थांबला असता.

त्याच वर्षी लोशिन बेटाजवळ ४५ मीटर खोल समुद्रातून खेळाडूचा प्राचीन ब्राँझ पुतळा वर काढला. साफसफाई, डागडुजी होऊन तो लोकांसमोर आला २००६मध्ये. तेव्हाही मंत्री बिश्कुपिचच. मला दोन आठवड्यांच्या स्प्रिंटपुढचं दिसत नाही.

मेल अजून पाठवलेला नाही. शनिवारी मात्र मित्राची कविता आणि माझा लिनो, वीस प्रती काढतोय. कागद आणलाय.