चांगुनारायणाचा स्तंभ

काठमांडूस जाणारा मराठी यात्रेकरू पशुपतिनाथाचें दर्शन घेतो, रुद्राक्ष विकत घेतो आणि परत फिरतो. आम्हीही तसेच फिरलों असतों. पण बरोबर आमची थोरली बहीण आक्का होती. यजमान जाऊन तिला सहा महिनेही झाले नव्हते. वाईच्या घरीं ती एकटीच राही. पुण्यास ये म्हणून मुलानें तीनदां विनविलें, तरी ऐकेना. बागमतीकांठच्या आर्यघाटावर एकामागून एक पेटणाऱ्या चिता पाहून ती दोन दिवस धड बोलली नाहीं. शेवटीं तिला गलबल्यांतून बाहेर काढावें व नगरकोटावरून हिमालय दाखवावा म्हणून आम्हीं मोटार ठरविली.

नगरकोट राजधानीच्या पूर्वेस सुमारें ३२ किलोमीटरांवर आहे. भक्तपुराहून थोडी वाट वाकडी केली कीं चांगुनारायणाची टेकडी लागते. मोटार खालीं ठेवून नेवारी घरांमधून फरसबंद पायऱ्या चढाव्या लागतात. २०१५ च्या भूकंपानें येथेंही पडझड केली, पण मंदिर उभें राहिलें. अंगणांतील मूर्तींविषयीं स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. आमचें लक्ष होतें मंदिरासमोर हात जोडून बसलेल्या मानवमुखी गरुडाकडे आणि तेथील मोडक्या स्तंभाकडे.

या स्तंभावर इ. स. ४६४ चा संस्कृत लेख आहे. भाऊ दाजींच्या हाताखालीं मुंबईस तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो १८८० सालीं छापून प्रसिद्ध केला. पाषाणावरचीं चार-दोन अक्षरेंच आम्हांस ओळखतां आलीं. बाकी पाठ घरूनच वाचून नेला होता, हें कबूल केलेलें बरें. आक्काला आम्हीं अर्थ सांगूं लागलों.

राजा धर्मदेव वारला. राणी राज्यवती सहगमनास सिद्ध झाली आणि पुत्र मानदेवाचा निरोप घेऊं लागली. तो पायांवर डोकें ठेवून म्हणाला, तूं गेलीस तर तुझ्याआधीं मीच प्राण सोडीन. त्या आसवांनीं भिजलेल्या शब्दांच्या पाशांत पक्षिणीसारखी सांपडून ती थांबली. सतीची चाल इंग्रजी मुलखांत १८२९ सालीं आणि नेपाळांत १९२० सालीं कायद्यानें बंद झाली. येथें पांचव्या शतकांत पुत्रानें आईला नुसत्या शब्दांनीं मागें फिरविलें, आणि राजा असून आपलें रडणें देवाच्या दारीं कोरून ठेविलें!

आक्का पायरीवर बसली.

"मग पुढें काय केलें तिनें?"

"मुलगा गंडकी ओलांडून मोहिमेस गेला. जिंकून आल्यावर त्यानें आईला दानधर्म करावयास सांगितलें."

"म्हणजे कामाला लाविलें तिला," आक्का म्हणाली, आणि पुष्कळ दिवसांनीं हंसली.

आम्ही नगरकोटास पोंचलों तों ढग उतरले होते. जेवणानंतर तिनें आपण होऊन पुण्यास फोन लावावयास सांगितलें. मायलेकांचें काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. पहांटे सारे शाली पांघरून गच्चीवर उभे राहिलों. धुकें हललेंच नाहीं. हिमालयाचें एक शिखर दिसलें असेल तर शपथ! आमचा फार विरस झाला. आक्कानें मात्र दुसऱ्यांदा चहा मागविला, आणि पुण्याची गाडी किती वाजतां सुटते म्हणून विचारलें.