राजनयाच्या बातम्यांतून इंग्रजी
आंतरराष्ट्रीय राजनयाच्या बातम्या इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायला सोयीच्या असतात. त्यांत ठरावीक शब्द पुन्हापुन्हा येतात आणि घटनेसकट लक्षात राहतात. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत एका माजी रशियन हेरावर झालेल्या विषप्रयोगानंतर ब्रिटनने २३ रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली. अशा बातमीत ‘एक्स्पेल’ हे क्रियापद आणि १९६१ च्या व्हिएन्ना करारातली ‘पर्सोना नॉन ग्राटा’ (नको असलेली व्यक्ती) ही संज्ञा ओघानेच कळते.

नाराजीच्याही पायऱ्या असतात. ‘कन्सर्न’ म्हणजे नुसती चिंता, ‘डिप्लोअर’ म्हणजे तीव्र नापसंती, तर ‘कंडेम’ म्हणजे थेट निषेध. मान्यतेच्या शब्दांतही असाच फरक असतो. १९७२ च्या शांघाय निवेदनात तैवानविषयीच्या चिनी भूमिकेसाठी अमेरिकेने ‘अ‍ॅक्नॉलेज’ वापरले, ‘रेकग्नाइझ’ टाळले. म्हणजे दखल घेतली, मान्यता दिली नाही. १९६७ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २४२ मध्ये तर ‘टेरिटरीज’आधी ‘द’ नाही. त्यामुळे इस्रायलने व्याप्त प्रदेशांपैकी सगळे सोडायचे की काही, यावर दोन्ही बाजूंनी कीस पाडला गेला.

म्हणून वहीत सुटा शब्द उतरवून भागत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले, हे पूर्ण वाक्यासह टिपले की समानार्थी वाटणाऱ्या शब्दांतला फरक पक्का होतो.