योहानाच्या रांगेत

अंधेरी पूर्व,
राखेचा बुधवार

चि. भाचीस,


अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत संत योहान बाप्तिस्टाच्या जुन्या देवळाचे अवशेष आहेत. जेझुइटांनी ते 1579 मध्ये बांधले. 1840 च्या सुमारास साथ आली, देऊळ सोडावे लागले आणि मरोळला नवे उभे राहिले. जुन्याचे छप्पर केव्हाच गेले, भिंती उरल्या. आता वर्षातून एकदा तिथे मिस्सा होतो.

योहान यार्देन नदीत पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत असे. त्याच्याकडे जकातदार येत, शिपाई येत, आपले चुकले हे कबूल करणारा कोणीही येई. त्याच गर्दीतून एके दिवशी येशू पुढे आला. मत्तयाच्या शुभवर्तमानात योहान त्याला अडवू पाहतो, कारण या माणसाला धुण्यासारखे काहीच नाही. तरी येशू पाण्यात उतरतो. ख्रिस्ताच्या पूर्णतेवर पुढे मोठमोठे ग्रंथ झाले. पण पापी माणसांच्या रांगेत उभा राहिलेला निष्पाप येशू त्या सर्वांहून अधिक सांगून जातो.

नव्या करारात पापासाठी जो मुख्य ग्रीक शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हेच कळवळून मांडतो: चांगले करायची इच्छा असते आणि हातून भलतेच घडते. मराठी माणूस याला ‘कळते पण वळत नाही’ म्हणतो. आदिपापाची शिकवण याच अनुभवाच्या मुळाशी जाते. चुका मोजून, एकेक सुधारून माणूस निर्दोष होईल, असे ती मानत नाही. वळायचे बळ कृपेतून मिळते.

मग ख्रिस्त पूर्ण कसा? 451 च्या काल्सेदोन परिषदेने तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचे ठरवले. म्हणून त्याला तहानभूक लागते, तो थकून होडीत झोपतो, लाजराच्या थडग्याशी रडतो, गेथशेमानेत व्याकूळ होतो. दुबळेपण त्याला होतेच. पित्यापासून मन मात्र कधी फिरले नाही. ‘पूर्ण’साठी शुभवर्तमानातला ग्रीक शब्दही डाग नसण्यापेक्षा पक्वतेकडे, पूर्ण वाढीकडे झुकतो. इब्री लोकांस पत्रात तर येशू दुःख सोसून आज्ञापालन शिकला, असे म्हटले आहे.

हे सारे मराठीत फार पूर्वी आले. सीप्झमधले जुने देऊळ झाले त्याच वर्षी जेझुइट थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या; पहिल्या पुराणात आदामाचे पतन, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले. 1919 मध्ये ते वारले तेव्हा त्या पूर्णपुरुषाचे काव्य अपूर्णच होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

आजच्यासारख्या राखेच्या बुधवारी कपाळावर लागणारी राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी ख्रिस्ताच्या जयजयकारात हलवलेल्या, मग वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोवून वाळलेल्या झावळ्या देवळात परत येतात आणि जाळल्या जातात. फादर अंगठ्याने त्या राखेचा क्रूस काढतात. दिवसभराच्या घामाने तो पुसट होत जातो, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये बोरिवलीपर्यंत तसल्याच पुसट क्रुसाची माणसे एकमेकांना ओळखतात.

तुझा,
मामा